बस्त्याची वेबसाइट

“वेबसाइटला काय काय पाहिजे ते तुम्ही सांगायचं, आणि मी लिहून घ्यायचं,” लुंबिनी म्हणाली.

सिद्धलिंग अप्पांनी गादीवरूनच तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. “आमाला काय म्हाईत वेबसाइटला काय पाहिजे? तुमी डॉक्टर, आमी पेशंट. पेशंटनं गोळीचं नाव सांगायचं असतंय व्हय, मॅडम?”

“पण कुठं दुखतंय ते तर पेशंटनंच सांगायचं असतं ना, अप्पा?”

अप्पा जरा विचारात पडले. चाळीस वर्षं लातूरच्या कापडलाइनीत दुकान चालवलेल्या माणसाला आपलं कुठं दुखतंय हे कुणी विचारलं नव्हतं. “दुखत तर कायबी न्हाई,” ते म्हणाले, “पोरगं म्हणतंय दुखतंय.”

पोरगं म्हणजे सोमेश. अप्पांचं ‘गौरीशंकर वस्त्र भांडार’ हे बस्त्याचं दुकान. कुणाचं लग्न ठरलं की घरची पंचवीस-तीस माणसं टेंपो करून यायची, सकाळी दहाला गादीवर बसायची, आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या साडीपर्यंत सगळ्यांचं कापड घेऊन, गाठोडी बांधून, दिवेलागणीला उठायची. आता लोक साड्या मोबाइलवर बघतात, आपणही तिथे दिसायला हवं, असं सोमेशचं म्हणणं होतं. त्याने लुंबिनीला शोधून आणलं, अप्पांसमोर बसवलं आणि स्वतः माल बघायला सुरतला निघून गेला. त्याचं लग्न ठरलेलं होतं, उदगीरच्या सृष्टीशी. त्यामुळे तो सुरतला माल किती बघत होता आणि फोनवर किती बोलत होता, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

लुंबिनी मूळची लोह्याची. तीन वर्षं पुण्यात नोकरी करून तिने राजीनामा दिला होता आणि लातुरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. पुण्यात तिला कशाचीच कमी नव्हती, फक्त तिथे करमत नव्हतं. इथून शनिवारी एसटीत बसलं की आईच्या हातची भाकरी गरम असतानाच घर गाठता यायचं. पण काम जमत नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक खालच्याच क्लासचे सर. त्यांनी वेबसाइट चार वेळा बदलायला लावली आणि पाचव्या वेळी “राहू द्या” म्हणाले. दुसरा डाळमिलवाला, तो दोनदाच बदलून “राहू द्या” म्हणाला. तेव्हापासून लुंबिनीने एक नियम केला. काय पाहिजे ते आधी कागदावर लिहायचं, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, मगच कामाला हात लावायचा. पुण्याच्या जुन्या कंपनीने तिला परत बोलावलं होतं आणि सोमवारी सकाळी दहापर्यंत उत्तर मागितलं होतं. अप्पांची सही झाली तर लातूर, नाही झाली तर पुणे, असा तिचा सरळ हिशेब होता. अप्पांना ती तसं बोललीही होती. अप्पा म्हणाले होते, “सही काय, आत्ता करतो.” आणि मग पेन शोधता शोधता दुसऱ्याच कामाला लागले होते.

“तुमी आसं करा,” अप्पा म्हणाले, “ग्यानोबाला विचारा. माल ते विकतंय. मी नुस्ता बसतो.”

ग्यानोबा हा दुकानातला सगळ्यात जुना माणूस. तीस वर्षं त्याने साड्या उलगडल्या होत्या आणि तितक्याच परत घडी केल्या होत्या. लुंबिनी लॅपटॉप घेऊन त्याच्याशेजारी गादीवर बसली.

“मामा, गिऱ्हाईक आलं की तुम्ही पहिलं काय करता?”

“पानी.”

“पाणी?”

“पानी द्यायचं. मंग च्या. च्या पोटात गेल्याबिगर साडी काढायची न्हाई. उपाशी माणूस भांडतंय.”

लुंबिनीने लिहिलं : १. पाणी. २. चहा. मग त्यापुढे कंसात लिहिलं, ‘वेबसाइटवर कसे?’

“आन मंग हलका माल काढायचा,” ग्यानोबा सांगू लागला. “लोकायला न्हाई म्हनायची लई हौस आसती. ती आधी फिटू द्यायची. पन्नास साड्याला न्हाई म्हनून माणूस दमला की मंग चांगला माल काढायचा.”

“पण मामा, मोबाइलवर लोकांना चांगला माल आधीच दिसायला लागतो.”

“मंग ते न्हाई कवा म्हननार?” ग्यानोबाने अगदी मनापासून विचारलं. लुंबिनीने तेही लिहून घेतलं.

“आन सगळ्यात म्हत्त्वाचं,” ग्यानोबाने आवाज खाली आणला, “मानाचा क्रम. साडी कुनीबी विकतंय, मॅडम. कुनाला कोनती द्यायची हे जे सांगतंय, ते खरं बस्त्याचं दुकान. विहिणीची सगळ्यात भारी. आत्याची तिच्या खाली. मावशीची आत्याच्या खाली. पन किती खाली? तर आत्याला दिसंल इतकी खाली, मावशीला दिसंल इतकी न्हाई.”

लुंबिनी लिहिता लिहिता थांबली. हे तिने कुठल्याच वेबसाइटवर पाहिलेलं नव्हतं. घरातली नाती भरायची, वेबसाइटने प्रत्येकीच्या मानाची साडी सुचवायची, आणि चुकून मावशीची साडी आत्याच्या वर गेली तर लाल अक्षरांत सूचना द्यायची : ‘रुसवा होण्याची शक्यता.’ तिला एकदम हुरूप आला. आपण लातुरात परत आलो ते बरंच झालं, असं तिला कित्येक दिवसांनी वाटलं.

फक्त एक खरं उदाहरण हवं होतं. ते दुपारी स्वतःच्या पायांनी खाली आलं. दुकानाच्या वरच अप्पांचं घर. गौरम्मा तिच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या.

“काकू, सोमेशच्या लग्नात तुम्ही कुणाकुणाला साड्या देणार? नाव आणि माहिती सांगाल का?”

गौरम्मा पुढ्यातच बसल्या. कुणीतरी आपल्याला काही विचारतंय आणि वर लिहून घेतंय याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी एकोणीस नावं सांगितली आणि प्रत्येक नावापुढे आयुष्यभराचं निरीक्षण सांगितलं. कंपनीत शिकवलेलं लुंबिनीला पक्कं आठवत होतं, की माहिती देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, स्वतःची भाषा मध्ये आणू नये. तिने जसेच्या तसे लिहिले.

‘विहीण, उदगीर. स्वभाव अजून कळलेला नाही, म्हणून सगळ्यात भारी. क्रमांक एक.’

‘उमाबाई, आत्या, औसा. मान मोठा, मन लहान. काठ बारीक दिसला की जेवत नाहीत. क्रमांक चार.’

‘शिवम्मा, मावशी, उदगीर. स्वभावाने गरीब. काहीही दिलं तरी छान म्हणते. कपाटात उरलेली चालेल. क्रमांक नऊ.’

“काकू, हे सगळं असंच राहू द्यायचं ना?”

“ऱ्हाऊ दे की, लेकरा. यवढं कोन वाचतंय?”

शुक्रवारी दुपारपर्यंत कागद एकेचाळीस पानांचा झाला. गौरम्मांची यादी पान तेहतीसवर होती. लुंबिनीने तो अप्पांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. “नीट वाचा, अप्पा. तुमचं समाधान झालं की छापून आणते आणि रविवारी सही घेते.”

“वाचतो की,” अप्पा म्हणाले.

आणि अप्पांनी खरंच वाचायला घेतला. पण दुसऱ्या पानावर ‘प्रस्तावित प्रणालीची व्याप्ती’ लागली आणि त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर त्यांनी विचार केला. त्यांच्या घराण्यात एकट्याने सही करायची रीत नव्हती. बोअर कुठं घ्यायचं, सोयरीक कुठं करायची, गाडी कोणत्या रंगाची घ्यायची, सगळं चार माणसांना विचारून व्हायचं. चूक झाली तर चारांची, एकाची नाही. मग हे तर एकेचाळीस पानांचं काम. अप्पांनी तो कागद उचलला आणि ‘आपला परिवार’ या त्रेसष्ट जणांच्या ग्रुपवर टाकला. खाली, शेवटी आपल्या रीतीच्या नमस्कारासकट, लिहिलं : ‘सर्वांनी वाचून आपापल्या सूचना द्याव्यात. शरणार्थ.’

संध्याकाळपर्यंत बावीस जणांनी हात जोडले. नऊ जणांनी अंगठा दाखवला. एका चुलतभावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. उमाबाईंनीही हात जोडले आणि शिवम्माने गुलाबाचं फूल पाठवलं. सगळ्यांची मंजुरी मिळाली म्हणून अप्पा निवांत झोपले.

शनिवारी सकाळी पहिला फोन सुरतहून आला. “अप्पा, काय पाठवायलात तुमी?” सोमेश ओरडत होता. “पान तेहतीस वाचलं का?”

“मी दोन वाचले,” अप्पा म्हणाले. “तेहतीस तू वाच.”

दुसरा फोन उदगीरहून, विहीणबाईंचा. व्याही मंडळींना दोनच आठवड्यांपूर्वी मोठ्या प्रेमाने ग्रुपात घेतलं होतं. फोन गौरम्मांनी घेतला. “आम्ही पहिल्या नंबरावर, वाचून लई बरं वाटलं,” विहीणबाई म्हणाल्या. “पन स्वभाव कळला न्हाई म्हनून भारी साडी. मंग कळल्यावर काय करनार?” एवढं बोलून त्या हसल्या. ते हसणं साधं होतं की उदगिरी, हे गौरम्मांना दिवसभर उमगलं नाही. विहीणबाईंचा स्वभाव अजूनही कळलेला नव्हता.

तिसरा फोन औशाहून. उमाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “उद्या यायलेय,” आणि फोन ठेवला. अप्पांची थोरली बहीण फोनवर कधी अर्ध्या तासाच्या आत थांबलेली नव्हती.

रविवारी लुंबिनी एकेचाळीस पानं छापून, नवं निळं पेन घेऊन दुकानात आली तेव्हा अप्पा पायरीवरच उभे होते.

“मॅडम, ते मागं घ्या.”

“काय मागं घेऊ?”

अप्पांनी सगळी हकिकत सांगितली. लुंबिनी म्हणाली, “अप्पा, पाठवून दोन दिवस झाले. लोकांच्या मोबाइलवर उतरलंय ते. आता मागं येत नाही.”

“मंग यवढं कॉम्प्युटर शिकून तुमी काय केलं?” अप्पा हताश होऊन म्हणाले. तेवढ्यात रिक्षातून उमाबाई उतरल्या.

त्या सरळ आत आल्या आणि गादीवर बसल्या. ग्यानोबाने तांब्या पुढे केला.

“पानी नगं.”

ग्यानोबा दोन पावलं मागे सरला. त्याच्या तीस वर्षांच्या पद्धतीतली पहिली पायरीच मोडली होती.

“गौरम्मा!” उमाबाईंनी जिन्याकडे बघून हाक दिली. “खाली ये. लहान मनाचं मानूस आलंय.”

गौरम्मा खाली आल्या त्याच खाली मान घालून. “वन्सं, ते उदाहरन होतं ओ.”

“उदाहरन? माझंच बरं सापडलं उदाहरनाला? आन काठ बारीक दिसला म्हनून मी कवा जेवले न्हाई? येकदा! येकदाच जेवले न्हाई, त्या दिवशी सोमवार होता!”

“अक्का,” अप्पा मध्ये पडले, “सगळ्यांना सूचना द्या म्हनलो होतो. तुमी तर हात जोडले.”

“हात जोडले तव्हा चष्मा कुठं व्हता? चष्मा सापडला रातच्याला!”

एवढ्यात दारात शिवम्मा उभी राहिलेली दिसली. गौरम्मांची ही धाकटी बहीण कुणाशी मोठ्याने बोललेली कुणी ऐकलं नव्हतं. हातातली पिशवी खाली ठेवून तिने बहिणीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “अय्यो, ताई. कपाटात उरलेली?”

उमाबाईंच्या बोलण्याने जे झालं नाही ते या चार शब्दांनी झालं. गौरम्मांचे डोळे भरून आले. उमाबाईंशी भांडायला त्यांच्याकडे चाळीस वर्षांचा दारूगोळा होता, पण शिवम्मासमोर त्यांना लाज वाटली.

अप्पांनी दोन्ही हात वर केले. “बास. नगं ती वेबसाइट. घरात भांडनं लावायला वेबसाइट कशाला पायजे? ती बिगर वेबसाइटचीबी होत होती. मॅडम, तुमाला खामखा तकलीफ दिली. राहू द्या.”

पुन्हा तेच दोन शब्द. लुंबिनीच्या हातात एकेचाळीस पानं होती आणि शेवटच्या पानावर सहीचे दोन चौकोन कोरे होते. तिच्या डोळ्यांपुढे पुण्यातली ती खोली आली, जिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची दुसरी खिडकी दिसायची. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते शिवम्माकडे बघून. काकूंनी भाकरी वाढताना विश्वासाने सांगितलेलं आपण छापून टाकलं, हे तिला आता कळत होतं. नियम पाळला होता, पण अक्कल वापरली नव्हती.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “काकू घरातलं बोलल्या. ते लिहायचं नसतं, हे मला कळायला पाहिजे होतं. मावशी, आत्या, मला माफ करा.”

उमाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. “तू कोन गं?”

“मी लुंबिनी. लोह्याची. वेबसाइटचं काम करते.” आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिने तेच केलं जे तिला येत होतं. लॅपटॉप उघडला आणि उमाबाईंसमोर मांडी घालून बसली. “आत्या, ते जाऊ द्या. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मी लिहिते.”

उमाबाईंचा राग जरा अडखळला. आयुष्यभर त्या न विचारता सांगत आल्या होत्या. विचारल्यावर सांगायची त्यांना सवयच नव्हती.

“मला?” त्या जराशा नरम आवाजात म्हणाल्या. “लिही मंग. माझा नंबर दुसरा.”

“माझाबी,” दारातून शिवम्मा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आपण बोललो यावर शिवम्माचाही विश्वास बसत नव्हता.

“दोघींचा दुसरा कसा होईल?” लुंबिनीने विचारलं.

“का न्हाई व्हनार? तुज्या कॉम्प्युटरात बसत न्हाई का?” उमाबाई म्हणाल्या. “आन दोघी दुसऱ्या, तर मंग मला पहिलीच लाव.”

“मंग मलाबी,” शिवम्मा पुटपुटली. तिला आता बोलायची चव लागली होती.

लुंबिनी डोकं धरून बसली. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात पाण्याचा तांब्या धरून उभा असलेला ग्यानोबा खाकरला. “मॅडम, राग मानू नका. पन तुमी लिहून घेतलं ते अर्धंच घेतलं.”

“म्हणजे?”

“मानाचा क्रम असतंय, पन तो आमच्या पोटात असतंय. तीस वर्षांत म्या कुण्या बाईला तिचा नंबर सांगितला न्हाई. सांगायचं येकच. ‘अक्का, ही तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली व्हती.’”

“प्रत्येकीला हेच?”

“परतेकीला. पन कानात.”

लुंबिनीने लॅपटॉप पुढे ओढला. दुकानात बायका एका गादीवर बसतात, म्हणून ग्यानोबाला कानात सांगावं लागतं. मोबाइल तर प्रत्येकीच्या आपापल्या हातात असतो. कानात सांगायला याहून सोपी जागा कुठली? तिने पान तेहतीस पूर्ण पुसून टाकलं आणि त्या जागी एकच ओळ लिहिली : ‘यादी जी बघेल तिला तिचं नाव सगळ्यात वर दिसावं.’ मग अर्धा-पाऊण तास ती मान वर न करता टकटक करत राहिली. दोघींनी तोंडं दोन दिशांना वळवली होती, पण कान तिच्याकडे होते. ग्यानोबाने दरम्यान चहा आणला. उमाबाईंनी घेतला. शेवटी कानात सांगायची सोय होतेय म्हटल्यावर चहाला नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

“हा नुसता नमुना आहे,” लुंबिनी म्हणाली आणि दोघींच्या मोबाइलवर तो उघडून दिला.

उमाबाईंनी चष्मा लावला. स्क्रीनवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘उमाबाई’. खाली बारीक अक्षरांत बाकीच्या. त्यांनी पदराने काच पुसून पुन्हा पाहिलं. नाव तिथेच होतं. “हां,” त्या म्हणाल्या. “आता बराबर लिहिलं पोरीनं.”

पलीकडे शिवम्माही वाचत होती. तिचे ओठ हलले, ‘शिवम्मा.’ तिने चटकन उमाबाईंकडे पाहिलं आणि मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीने नुसता हात लांब केला असता तरी सगळं उघडं पडलं असतं.

उमाबाई गौरम्माकडे वाकल्या. “शिवम्माला माझा मोबाइल दावू नको,” त्या कुजबुजल्या. “बिचारी गरीब हाय. तिला वाईट वाटंल.” आणि त्यांनी मोबाइल पिशवीत तळाशी ठेवून वर रुमाल घातला.

थोड्या वेळाने शिवम्मा लुंबिनीजवळ सरकली. “लेकी, उमाक्काला कळू देऊ नको हं. वयानं मोठ्या हायेत, सोसायचं न्हाई त्यांला.”

मग शिवम्माने आपणहून उमाबाईंसाठी पान लावलं, आणि उमाबाईंनी तिला उदगीरचं पाऊसपाणी विचारलं. पहिल्या नंबरावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याशी चांगलं वागणं काही जड जात नाही.

“मामा, पण हे खोटं नाही का?” लुंबिनीने हळूच विचारलं.

“खोटं कसं?” ग्यानोबा म्हणाला. “जी ती आपल्या घरात पहिलीच आसती की.”

“माज्यात कायबी दिसंना,” गौरम्मा म्हणाल्या. त्यांनीही कौतुकाने आपल्या मोबाइलवर यादी उघडली होती.

लुंबिनीने हातात घेऊन पाहिलं. पहिल्या क्रमांकापुढे काहीच नव्हतं. कोरी ओळ. दुसऱ्यापासून पुढे सगळ्या होत्या, विहीणबाई, उमाबाई, शिवम्मा, सगळ्या. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने लॅपटॉपवर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. यंत्र बरोबर होतं. ते बघणारीचं नाव यादीत शोधत होतं आणि त्याला ते सापडत नव्हतं.

“काकू, तुम्ही एकोणीस नावं सांगितली. त्यात तुमचं नाहीच.”

“माजं कशाला? मी सांगनारी,” गौरम्मा हसून म्हणाल्या. “दुकान घरचंच हाय. बस्त्यात मागं ऱ्हायलेली, डागी निघालेली, येखादी मी नेसतेच की.”

हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू आलं. शिवम्माने बहिणीच्या अंगावरच्या साडीकडे पाहिलं. काठात वीतभर धागा सुटलेला होता. उमाबाईही बघत होत्या. “चाळीस वर्षं झाली तुला या घरात येऊन,” त्या म्हणाल्या.

अप्पा गादीवर बसून होते. आपण हिच्यासाठी साडी कधी निवडली ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. लातूर, औसा, निलंगा, तीन तालुक्यांतल्या किती विहिणींना कोणता रंग खुलतो ते त्यांना पाठ होतं. गौरम्मांचं काही आठवेना. त्यांना फार अपराधी वाटलं.

“मॅडम, पेन द्या,” ते म्हणाले.

लुंबिनीने नवं निळं पेन दिलं. अप्पांनी तिच्या हातातले कागद घेतले, शेवटचं पान काढलं, आणि वरच्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं : ‘पहिलं नाव : गौरम्मा.’ मग व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने काही लिहिलं की खाली जे करायचं ते त्यांनी केलं. सही केली.

लुंबिनीने त्या सहीकडे पाहिलं. सही कशावर केली हे अप्पांच्या अजून ध्यानात आलेलं नाही, असं तिला वाटलं.

“ध्यानात आलंय,” अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. “लागा कामाला. पन हिची साडी मी स्वता दाखवनार. ग्यानोबा, सरक तिकडं.”

“अवो, लोकं बघायलीत,” गौरम्मा म्हणाल्या, पण बसल्या.

“यकट्याचीच सही?” उमाबाईंनी कागद ओढला. “घरच्या कामाला बहिनीला इचारायची रीत हाय. मी काय मेले व्हय?” दुसरा चौकोन रिकामा होता. त्याखाली ‘सॉफ्टवेअर तयार करणार’ असं छापलेलं होतं. उमाबाईंनी तिथे ठसठशीत सही केली. शिवम्माने समासात कानडीत केली, कारण तिची शाळा कानडी होती. तीस वर्षं नोकरी करून कुठल्याच कागदावर आपलं नाव नाही म्हणून ग्यानोबाने उरलेल्या कोपऱ्यात पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं.

लुंबिनीने मोबाइल काढून पुण्याला निरोप पाठवला : ‘येता येणार नाही. इथे काम सुरू झालं आहे.’ मग तिने तो कागद हातात घेतला. पानावर नखाएवढीही जागा उरलेली नव्हती. तिने तो उलटा केला, गुडघ्यावर धरला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला, ऐसपैस, आपली सही केली.